घागर भरलेल्यांची शाळा

१८ एप्रिल १९५४

आज ईस्टर. मदर क्लेमेन्सनं ही वही हातात दिली. म्हणाली, बेबाबाई, नाताळात शाळेची नवी इमारत उघडायची आहे, तेव्हा शाळेचा इतिहास छापायचा. तुम्हाला जे माहीत असेल ते लिहून ठेवा. मी म्हटलं, मी स्वयंपाकीण, शाळेचं तोंड पाहिलं ते भाकऱ्या थापायला. ती म्हणाली, इथं सगळ्यांत जुन्या मार्था आणि तुम्ही, आणि मार्थाला आता दिसत नाही.

म्हणजे आंधळी म्हातारी लिहू शकत नाही म्हणून मला मान.

मला अक्षरं माझ्या पोरीनं शिकवली. कुंदा इथंच शिकत होती तेव्हा चुलीपुढच्या राखेत माझं बोट धरून गिरवून घ्यायची. माझे र अजून वाकडे येतात. मदरला द्यायचं ते चांगल्या कागदावर उतरवीन. ही वही माझी. हिच्यात माझंही घालीन.

तर शाळा. भामरखेडे गावाबाहेर, पांझरेच्या काठावर लांब दगडी इमारत, वर पत्रे. मागं माझं स्वयंपाकघर, लिंबाचं झाड, मग कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे घाट. एका टोकाला माडी, तिच्यात सिस्टर लोक राहतात. मी नवरा गेल्यावर लहान कुंदाला घेऊन इथं आले. मी बाटले नाही. माझा देव माझ्या ट्रंकेत आहे, कुणी त्याला हात लावला नाही, मीही यांच्या देवाला लावला नाही.

पोरगी मात्र गेली. मॅट्रिक झाली आणि म्हणाली, मी सिस्टर होणार. मारलं, उपाशी ठेवलं, काही उपयोग नाही. मंगळूरकडं गेली. तिथं नाव बदलतात म्हणे. नवं नाव काय ते मी विचारलं नाही. नऊ महिने मी वाहिली, नाव त्यांनी ठेवायचं.

२१ एप्रिल

मार्थाला विचारलं, शाळा सुरू कशी झाली. लिंबाखाली बसून ती हातानं चाचपून तांदळातले खडे काढत होती. तिचं बोलणं धुळ्याकडचं, आमच्या रावेरच्या बोलीहून वेगळं.

म्हणाली, छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे पन्नासेक वर्षांमागं, फादर बैलगाडी घेऊन रस्त्यानं फिरायचा. रस्त्याकडेला पडलेली पोरं उचलायचा. तिला मात्र उचलली नव्हती. "मना बापनीच मले गाडीवर बसाडं. बोलना, जाय, तठे खावाले भेटी."

पुढच्या साली पाऊस झाला. पोरांच्या अंगावर मांस आलं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली आणि घाटावर बरीच माणसं दिसायला लागली. पोरं भिंतीला लोंबकळली, आपापले बाप ओळखले, आता न्यायला आले म्हणून नाचायला लागली. पण पोरांनी वर्षभर मिशनचं अन्न खाल्लेलं, डोक्यावर पाणी पडलेलं. त्यांना घरात कोण घेणार. बाप लोक घाटावर बसले. नव्या घागरी आणल्या होत्या. आखाजीला आपण पितरांच्या नावानं भरतो, तशा भरल्या, एकेका पोराचं नाव घेऊन. पोरं भिंतीवरून बघत होती.

"घाटवर घागरीच घागरी," मार्था म्हणाली.

"तुझ्यासमोर भरली?"

"हा ना. मिशननी विहीर आटेल व्हती, फादर वाटीवाटीनी पाणी दे. सांजले बठ्ठा गयात, मी भित उतरनू नि मनी घागर पी लिधी. गोड लागनं."

मी विचारलं, तुझं जुनं नाव काय. ती म्हणाली, "ते घागरमा गये."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, पोटची पोर भिंतीवर दिसत असून त्या बापाचा हात कसा वळला. तर म्हणते, "त्यानी मनाकडे देखं नही ना बाई. देखं असतं ते भरी नसती."

गावातले लोक अजून आमच्या पोरींना घागर भरलेल्या म्हणतात. बाजारात पोरी पाणी मागतात तर वरून ओततात. मला वाटायचं बाटल्या म्हणून. आज कळलं.

२९ एप्रिल

झुलाल आला. माझा धाकटा भाऊ. सुट्टी लागल्यामुळं बोर्डिंग रिकामं आहे, ज्यांना घर नाही अशा चार-दोन पोरी तेवढ्या राहिल्या. म्हणाला, "अक्का, आखाजीले चाल, न्याले आलो."

मला बरं वाटलं. पुष्कळ वर्षांत कुणी न्यायला आलं नव्हतं. मग चहा पिऊन झाल्यावर खरं बाहेर आलं. त्याच्या पोरीचं, कौसाचं जमलंय. पोराकडं केळीचा मळा, माणसं चांगली. पण त्यांना कुंदाचं कळलंय. पोराचा मामा उखर्डू नाना धुळ्यात देवपुरात राहतो, त्याच्या कानावर गेलं. ते म्हणतात, ज्या घरातली पोर बाटून सिस्टर झाली त्या घरची सून कशी करायची.

"मंग?" मी म्हटलं.

"त्याइचं म्हननं हाये, घरानं तिले मेली म्हनावं. आखाजीले तिची घागर भरावी, भाऊबंदासमोर. मंग त्याइले काही नाही."

"भर ना मग. माझ्या तोंडाकडं काय बघतो?"

"पानी तुह्या हातचं पाह्यजे अक्का. तू माय हायेस."

मी भांडी आपटली. तो गप्प बसून राहिला. झुलालला गप्प बसता येतं, मला येत नाही. कौसाचं वय वाढलंय, मागं एकदा मोडलंय. कौसानं काय केलं होतं. आणि कुंदा गेली तेव्हा पाया पडून गेली का, तर तेही नाही. मी पाय मागं घेतले होते म्हणा.

जाते म्हटलं.

५ मे, आखाजी

केली.

सकाळपासून पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. शेजारच्या घरात झोके बांधलेले, सासरहून आलेल्या पोरी झोके घेत होत्या. आमच्या ओसरीवर भाऊबंद बसलेले. उखर्डू नाना मुद्दाम आला होता, पांढरा फेटा, हातात काठी, बोलतो कमी आणि बघतो जास्त.

झुलालनं उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली, एकेका पितराचं नाव घेत. आबा, आजी, माझा बाप. मग एक बोट ओढलं आणि माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले. नवी लाल घागर, तांब्यानं पाणी ओतायला लागले. ती भरेना. नवी माती पाणी पिते हे मला माहीत आहे, पण ओततेय ओततेय आणि ती पितेय. उखर्डू नाना बघतोय. मी बायांकडं पाहिलं नाही, कौसाकडं पाहिलं नाही. भरली तेव्हा मोठ्यानं म्हटलं, कुंदा. वर डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली. निखाऱ्यावर घास टाकला.

रडू आलं नाही. राग होता तो तसाच राहिला.

नाना उठला. म्हणाला, "झालं. आता पुढचं बोलू."

११ मे

परत आले. मंगळूरच्या मठाला कुंदाच्या नावानं कार्ड टाकलं. माझ्या हातानं लिहिलं, कुणाची मदत घेतली नाही. आखाजीला तुझी घागर भरली. आता तुझं तू बघ. खाली बेबाबाई लिहिलं.

मदरला सांगितलं. ती माळ जपत होती, तिनं माळ खाली ठेवली. मग म्हणाली, "तिला कळवायला नको होतं." मी म्हटलं, लपूनछपून मारणाऱ्यातली मी नाही.

मदर उठून गेली. बेळगावकडची बाई आहे, मराठी चांगलं बोलते, पण आखाजी तिला काय कळणार.

२२ जून

शाळा भरली. पोरींनी नुसता गलका मांडलाय.

मी बाजाराला गेले तेव्हा एक सिस्टर येऊन राहिलीय. छातीचं दुखणं आहे. समुद्राकडची हवा ओली, आपली कोरडी, म्हणून इकडं पाठवली. नाव सिस्टर पावला. माडीवर कोपऱ्याच्या खोलीत ठेवलीय. कुणी वर जायचं नाही, मदरचा हुकूम. ताट मदर स्वतः नेते, मार्था जाऊन बसते. तिची भांडी मला वेगळी उकळावी लागतात. पोरींचं करून जीव जातो, त्यात हे.

मदरला म्हटलं, ही मंगळूरकडून आली तर आमच्या कुंदाला ओळखत असेल. मदर म्हणाली, ती झोपलीय. मी कुठं म्हटलं आत्ताच उठवा.

कार्डाचं उत्तर नाही. बरंच झालं.

५ जुलै

हे लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी पोरी वर्गात, सगळं शांत. मी पीठ चाळत होते. कुणीतरी झोक्याचं गाणं गुणगुणत होतं. आमच्या रावेरकडची चाल. इकडच्या पोरींना ती येत नाही. कुंदा पीठ चाळताना तेच गुणगुणायची, आणि अर्ध्यात सोडून द्यायची, पुढचं तिला येत नसे. हेही अर्ध्यात थांबलं.

बाहेर आले. लिंबाखाली कुणी नाही. भिंतीवर चढून घाटावर पाहिलं, तिथंही कुणी नाही. ऊन एवढं की दगड पांढरे दिसत होते. मार्था पायरीवर बसली होती. तिला म्हटलं, तू गात होतीस का. ती म्हणाली, "मी कसाले गाऊ." मग म्हणाली, "बाई, तू खाल आडी तिडी देखस." म्हातारीला काय, काहीही बोलते.

मला कळलं काय झालंय ते. मी घागर भरली आणि ती मेली. तिकडं कुठं एकटी मेली, आणि आता आली.

९ जुलै

रोज दुपारी लोटीभर पाणी भिंतीवर ठेवते. घागर तिकडं रावेरला भरली, ही इकडं आली. तहानलेली असेल. मदरला बोलले नाही, त्यांच्यात हे चालत नाही.

१९ जुलै

लोटी रिकामी होते. पोरी म्हणतात कावळे पितात. मला काय कावळे कळत नाहीत.

आज बोर्डिंगमधली एक पोर रडत आली. म्हणे वरच्या खिडकीत पांढरी बाई उभी राहते. मी म्हटलं, अगं ती आजारी सिस्टर असेल. तर म्हणते, सिस्टर नाही बाई, डोक्यावर कापड नव्हतं, केस बारीक कापलेले, आणि ती तुमच्या चुलीकडंच बघते, किती वेळ. मी तिला धपाटा घातला आणि नंतर गूळ दिला.

मी वर बघितलं. खिडकी बंद होती.

माझ्या कुंदाचे केस गुडघ्याला लागत होते. म्हणजे ही दुसरी कुणी. या शाळेत दुष्काळातली मेली, मानमोडीच्या तापात मेली, लिंबामागं किती पोरी पुरल्यात कोण जाणे. मदर म्हणते इतिहास लिहा. इतिहास इथं भर दुपारी खिडकीत उभा राहतो, तो कसा लिहायचा.

८ ऑगस्ट

वरच्या सिस्टरचं पोट सुधारतंय म्हणायचं. पेज नको, खिमट नको, सगळं परत. परवा पोरींसाठी कळण्याच्या भाकरी केल्या, मदरनं घाईत त्यातलीच एक उचलून नेली. ताट पुसून आलं. मदर म्हणाली, उद्याही द्या, बरोबर ठेचा द्या. मी म्हटलं, छातीच्या दुखण्याला ठेचा? ती म्हणाली, खाऊ दे तिला.

समुद्राकडच्या बाईला ज्वारी-उडदाचं कळणं रुचलं. मार्थानं चटक लावली असेल.

भाकरीच्या कडा तेवढ्या ठेवते, मऊ मऊ मधलं खाते. कुंदाला यावरून मी किती मारलं. लाडावलेल्या पोरी सगळीकडं सारख्याच.

डॉक्टर धुळ्याहून येतो, सुया देतो. खोकला मात्र खालपर्यंत ऐकू येतो.

१४ सप्टेंबर

उखर्डू नाना आला. मी कणीक मळत होते, मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात उभा. म्हणाला, या बाजूला काम होतं. काम कसलं, खात्री करायला आला होता.

बसायला पाट दिला. पाणी दिलं, प्यायला नाही.

म्हणाला, "बाई, लोक म्हनता तुमची पोरगी काही मेली नाही. कुठं तरी हाये. उद्या दारात उभी राह्यली म्हंजे?"

हात कणकेत तसेच. मग बोलले ते असं बोलले की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. म्हटलं, नाना, ती मेली. मी घागर भरली त्या दिवशीच मेली. दुपारी येते, मी पाणी ठेवते ते पिऊन जाते. तुमच्या दारात यायची ताकद तिला राहिली नाही, माझ्याच दारात येते. एवढं बोलले आणि आखाजीला जे आलं नाही ते रडू आता आलं. म्हाताऱ्यासमोर, परक्यासमोर, कणकेचे हात तोंडाला लावून.

वरून खोकल्याची मोठी उबळ आली. थांबेचना. नाना वर बघायला लागला. म्हणाला, "कोन हाये?"

"मंगळूरची सिस्टर आहे. क्षयाची."

तो झटकन उठला. तोंडाला उपरणं लावलं. जाता जाता म्हणाला, "माफ करा बाई. मले शंका घ्यायले नको होती. लगीन मार्गशीर्षात करू." हा माणूस माफी मागेल असं वाटलं नव्हतं.

तो गेल्यावरही वर खोकला चालूच. आज खोकल्यासारखा वाटला नाही, कुणी उशीत तोंड घालून रडावं तसा वाटला. माझेच कान.

३ ऑक्टोबर

मदरला धरलं. चॅपेलच्या दारातच. म्हटलं, मंगळूरहून तुम्हाला पत्रं येतात. कुंदा मेली का ते सांगा.

ती म्हणाली, "कुंदा जिवंत आहे, बेबाबाई."

"कुठं आहे?"

खाली बघत राहिली. सिस्टर लोक खोटं बोलत नाहीत म्हणतात, पण जो खरं बोलतो तो खाली बघतो का. माझी समजूत घालतेय. मी म्हटलं, मला लहान पोर समजू नका.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे नक्कीच मेली.

२० ऑक्टोबर

मदरला शाळेचा इतिहास चार कागदांवर उतरवून दिला. दुष्काळ, बैलगाडी, घाटावरच्या घागरी, पहिली मॅट्रिकची पोर, सत्तेचाळीसला अंगणात झेंडा लावला आणि मार्थानं कांबीनं घंटा इतकी बडवली की घंटा चिरली, ते सगळं. माझ्या घागरीचं लिहिलं नाही. तो इतिहास नव्हे.

आता गाणं ऐकू येत नाही. लोटी भरलेली राहते. ती यायचीही बंद झाली. हे जास्त वाईट आहे.

२५ नोव्हेंबर

ताट परवा तसंच आलं. काल तसंच. आज सकाळी कळण्याची भाकरी मुद्दाम पातळ थापून, तूप लावून दिली, तीही तशीच. मदर धुळ्याला गेलेली, मार्थानं ताट चाचपडत खाली आणलं.

माझं टाळकं सरकलं. पोरींच्या तोंडचं तूप हिला द्यायचं आणि ही तोंड फिरवणार. ताट उचललं आणि जिना चढले. मार्था मागून ओरडली, "बाई, नको जाऊ." म्हटलं, चूप बस. दार ढकललं. म्हटलं, कोण गं तू एवढी.

कुंदा आहे.

२६ नोव्हेंबर

काल पुढं लिहिता आलं नाही.

केस कापलेले. हात म्हणजे चुलीत घालायच्या काटक्या. डोळे तेवढे तिचे. मी ताट धरून उभी. मला वाटलं, हीच ती, दुपारची. म्हटलं, पाणी ठेवते ते पुरतं का तुला.

तर म्हणते, "आई, मी जिवंत आहे. ताट खाली ठेव, सांडेल."

हात लावून पाहिलं. ताप होता. मेलेल्याला ताप येत नाही.

मग मी काय काय बोलले. जूनपासून डोक्यावर बसलीस आणि मला कळू दिलं नाही. ती म्हणाली, "तुझं कार्ड आलं तेव्हा मी पडूनच होते. कौसाचं मदरच्या पत्रातून कळलं. इकडं पाठवायचं ठरलं तेव्हा मदरला अट घातली, आईला कळवायचं नाही. कौसाचं लग्न होईपर्यंत तरी."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुला खोटं बोलता येत नाही आई. तुझ्या तोंडावर सगळं येतं. तो नाना आला त्या दिवशी तू जे बोललीस, ते तुला मी वर आहे हे ठाऊक असतं तर बोलता आलं असतं का?"

आलं नसतं.

म्हणजे ती इथं पडून सगळं ऐकत होती. मी मेली मेली म्हणून रडले तेही. मी विचारलं, मग ती झोक्याची चाल? ती म्हणाली, "मला वाटलं खाली ऐकू येत नाही."

लोटीतलं पाणी कोण पीत होतं ते विचारलं नाही.

२ डिसेंबर

दोन्ही वेळचं आता मी नेते. मदर आली तेव्हा मी जिन्यावरच उभी होते. तिनं नुसतं माझ्या हातातलं ताट बघितलं आणि बाजूला झाली.

कुंदा दोन घास खाते. कडा ठेवते. त्या मी खाते. तिची भांडी वेगळी उकळायचं सोडलं. एवढं उकळून काय होणार आहे, माझीच पोर आहे.

ती सारखी म्हणते, "आई, लग्नाला जा. नाही गेलीस तर लोक बोलतील." मी म्हणते, गेले तर माझं तोंडच बोलेल. उखर्डू नाना समोर बसेल. पंगतीत कुणीतरी बाई विचारील, तुम्हाला मूलबाळ? तेव्हा मी काय करू, पातळाचा पदर तोंडात कोंबू?

मार्थाशी बोलले. म्हटलं, तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती म्हणाली, "मी तुले सांगं ना, तू खाल देखस."

११ डिसेंबर

झुलाल न्यायला आला. कौसाचं लग्न चार दिवसांवर. केळीचा घड खांद्यावर, मदरला द्यायला. मला नवं लुगडं आणलं होतं.

मी म्हटलं, "मी येत नाही."

"कायले?"

मी गप्प बसायचा प्रयत्न केला. मला येत नाही ते. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझी मान जिकडं वळली तिकडं, माडीकडं पाहिलं. वरून खोकला आला. झुलाल खालीच बसला, नुसत्या जमिनीवर.

"अक्का, उखर्डू नानाले कयलं तर कौसा..."

"कळणार नाही. मी लग्नाला आले तर कळेल. म्हणून येत नाही. त्यांना सांग, अक्का दुखण्यानं पडली. तेवढं खोटं तुला जमेल."

"आन मंग? पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली? लोक विचारतीन ना तू कुठी हायेस."

मी रात्रभर यावरच विचार केला होता. म्हटलं, "येत्या आखाजीला घागर भर. माझी. म्हण, अक्का त्या दुखण्यातच गेली. मग कुणी विचारणार नाही, आणि मी तुझ्या दारात येणार नाही."

तो म्हणाला, "जित्या मानसाची?"

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्याला आठवलं.

रडला, डोळे पुसले, परत रडला. माझ्या हाती मोठा झालेला पोर. उठताना म्हणाला, "पानी कोनी घालाचं? तिचं तर तू घातलं होतं."

म्हटलं, कौसाला घालू दे. तिच्यासाठीच चाललंय सगळं.

वर नाही गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढला. विचारलं, "जेवती का ती?" मी म्हटलं, दोन घास. त्यानं घडातली पिवळी झालेली केळी तोडली आणि पायरीवर ठेवली. लुगडं परत नेलं नाही.

२६ डिसेंबर

काल नाताळ. नवी इमारत उघडली. धुळ्याहून मोठी माणसं, फुगे, बँड. इतिहासाचं पुस्तक वाटलं, मलाही एक मिळालं. शोधून शोधून वाचलं. दुष्काळात अनाथ झालेल्या बालकांना घेऊन शाळा सुरू झाली असं आहे. घागरी नाहीत.

मदरला म्हटलं, अनाथ कुठली, बाप घाटावर बसलेले होते. ती म्हणाली, बेबाबाई, पाहुण्यांच्या हातात हे कसं देणार. मी म्हटलं, तुमचं तुम्हाला. मार्थाला वाचून दाखवलं नाही. ती विचारत होती, त्यात तिचं नाव आहे का. कुठलं नाव ते मीही विचारलं नाही.

कौसाचं लग्न झालं. निरोप आला, पंगती बऱ्या उठल्या.

१६ जानेवारी १९५५

स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली, गावातली. मी खाट माडीवर नेली. मदर नको नको म्हणत होती, डॉक्टरही म्हणाला. मी ऐकलं नाही.

सुया चालू आहेत. काही दिवशी कुंदा उठून बसते, काही दिवशी नाही. काल तिनं पूर्ण भाकरी खाल्ली, कडांसकट. दुपारी आम्ही दोघी खिडकीत बसतो. तिच्या गाण्याचं पुढचं कडवं मला येतं, ते शिकवतेय.

खालून पोरींचा आवाज येतो. त्या आता लिंबाखाली खेळायला येत नाहीत. नवी बाई सांगत होती, पोरी म्हणतात वरच्या खिडकीत आता दोन बाया दिसतात, एक म्हातारी आणि एक बारीक केसांची. मी खिडकीतून ओरडले, अगं मी बेबाबाई, भाकऱ्या खाल्ल्यात ना माझ्या. तर किंचाळत पळाल्या. कुंदा हसली, हसता हसता खोकली. म्हणाली, "आई, घाबरवू नको त्यांना."

घाबरू दे म्हटलं.

चुलीपाशी जायचं बंद झालं तरी धूर काही छातीतून जात नाही. सकाळी मलाही जास्त खोकला येतो.